ओढ्यापलीकडचा वीर

लॅपटॉपच्या पडद्यावर दगडाचे दोन तुकडे एकमेकांजवळ सरकले. जुळले नाहीत.

मनालीनं एक तुकडा जरा फिरवून पुन्हा लावून पाहिला. नाहीच. शाळेच्या पडवीत ओढ्याच्या दोन्ही काठांची माणसं बसली होती. मान वर करायचा तिला धीर होईना.

शिरोळ तालुक्यातल्या या दोन वाड्यांचं भांडण फार जुनं. हजारेक वर्षांपूर्वी लढाईत पडलेल्या कुणा वीराचा कोरीव दगड, वीरगळ, मधोमध तुटलेला. खालचा अर्धा अलीकडच्या वाडीत, वरचा अर्धा पलीकडच्या. वीर आमचा, म्हणून दुसरा अर्धाही आमचाच, असं दोघांचंही म्हणणं. जत्रेला डोकी फुटायची. कोल्हापुरात पुरातत्त्व शिकणाऱ्या मनालीनं दोन्ही तुकड्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले, संगणकावर त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती केल्या. अख्खा वीरगळ इंटरनेटवर जगाला दाखवायचा होता. पण तो जोडायचा सगळ्यांसमोर, अशी दोन्ही वाड्यांची अट होती.

तिनं पडद्यावरच्या दगडांचा शेंदरी रंग काढून टाकला. रंगाखालचं कोरीवकाम लख्ख दिसलं.

“हे एका दगडाचे तुकडे नाहीत,” ती म्हणाली. “अलीकडच्या तुकड्याच्या कडेला वेल आहे. पलीकडच्या तुकड्याच्या कडेला मणी आहेत. वीर दोन आहेत.”

मग अलीकडच्या वाडीतले बापूसो पलीकडच्या यल्लाप्पांकडं बघत म्हणाले, “म्हंजे तुमचा गडी येगळाच हाय की.”

“व्हय,” यल्लाप्पा म्हणाले. “उगंच डोकी फोडून घेतली म्हणा.”

मागं कुणीतरी हसलं. मग सगळी पडवीच हसली. दुसऱ्या दिवसापासून जो तो आपल्या वीराचा उरलेला अर्धा हुडकायला लागला, अर्थात आपापल्या काठाला.

महिन्याभरानं ऊस गेलेलं रान नांगरताना बापूसोंच्या नांगराला दगड लागला. मनाली धावत आली. खालचा अर्धा होता. कडेला मणी. तिनं फोटो घेऊन पलीकडच्या तुकड्याशी लावून बघितले. रेघ न् रेघ जुळली.

बापूसोंचा चेहरा उतरला.

“आपल्या रानात घावलाय, काका,” पुतण्या राजवीर म्हणाला. “ठेवूया की.”

बापूसोंनी खांद्यावरच्या टॉवेलानं दगडावरची माती पुसली. ढाल-तलवार घेतलेला वीर गुरं पळवणाऱ्यांच्या अंगावर धावून निघाला होता. वरच्या अर्ध्यात तोच वीर स्वर्गात बसलेला त्यांनी पडद्यावर पाहिला होता.

“लढाई हितं, सर्ग तिकडं,” ते म्हणाले. “वाटंत कशाला अडवायचं त्येला? ट्रॅक्टर काढ.”

संध्याकाळी हलगीच्या तालावर ट्रॅक्टरनं ओढा ओलांडला. आवाज ऐकून पलीकडं सवयीनं काठ्या बाहेर निघाल्या. यल्लाप्पा सगळ्यांच्या पुढं होते.

बापूसो त्यांच्या दारात ट्रॅक्टरवरून उतरले.

“पावणं, तुमचा गडी घरी आणलाय,” ते म्हणाले. “च्या ठेवा.”