दहीभाताचा एक घास

"रुग्णाला काय दिलं जातंय, ते त्याला खरं सांगायचं. तो त्याचा कायद्यानं हक्क आहे," असं नर्सिंग शिकवणाऱ्या आमच्या कलैयरसी मॅडम बजावत. मानसोपचार वॉर्डात रोज देवाचं नाव घेऊन पाऊल टाकते, तेव्हा अजून तोच आवाज कानात असतो.

तिथल्या अंबुजाबाईंना घरून येणाऱ्या डब्याचा संशय होता. "सिस्टर, ह्या दहीभातात काहीतरी आहे हो. खाल्ला की दिवसभर डोळे उघडत नाहीत." सगळे म्हणत, संशय हाच तर त्यांचा आजार. म्हणून आज डॉक्टर त्यांच्या गोळ्या वाढवणार होते. "मला काही कळलं, तर तुमच्यापासून लपवणार नाही," एवढा शब्द मी त्यांना दिला होता.

दुपारी त्यांचा मुलगा मुरली डबा घेऊन आला. मी धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हटलं, "तम्बी, आईसमोर तू एक घास खा. संशय जाईल त्यांचा."

"काय अक्का, आईचा आजार तुम्हालाही लागला?" तो हसला.

"माझा सोमवारचा उपास आहे रे, नाहीतर मीच खाल्ला असता." मी डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

तो चटकन मागे सरकला. "नको, नको. मला बाईक चालवत तिरुवैयारूला जायचंय."



मी डबा झाकला, आणि दिलेला शब्द पाळायला अंबुजाबाईंच्या खाटेकडे निघाले.