पूर्वेकडची पानं

दोन झाडांची पूर्वेकडची बाजू साफ बोडकी झाली होती.

यित्काने हातातली बॅग तिथेच टाकली. पाय मोडलेल्या आईकडे दहा दिवस राहून ती आत्ताच परतली होती, आणि घरात शिरायच्या आधी वाईनच्या तळघरामागे आली होती ती या झाडांसाठीच. चुन्याच्या भिंतीशी गांजाच्या तीन कुंड्या, कायद्याला चालतात तेवढ्याच. त्यांतल्या दोन झाडांचे तुरे एका अंगाने उघडे पडले होते. तिसरं तेवढं पहिल्यासारखं गच्च होतं.

सासरा बाकावर बसला होता. डाव्या हाताशी काठी, मांडीवर टोपी, आणि चेहरा असा, जणू आत्ताच चर्चमधून आलाय.

"बाबा, फियालोवाबाईंची शेळी सुटली होती का?"

"शेळी देठाशी खुडत नाही," सिरिल म्हणाला. "आणि खुडलेलं बादलीत भरून ठेवत नाही."

बादली बाकाखाली होती. काठोकाठ पानं.

"म्हणजे तुम्ही?"

"सकाळचं ऊन तुऱ्यापर्यंत गेलं पाहिजे. दव सुकतं, बुरशी धरत नाही. पश्चिमेची पानं राहू द्यायची, दुपारी आडोसा म्हणून. पन्नास वर्षं करतोय."

"वेलींना करताय! हा गांजा आहे, तुमची द्राक्षं नाहीत. ऐन तुरे भरताना एवढी पानं काढली, आता झाडं जगतात की जातात कोण जाणे. ऑक्टोबरात मलम कशाचं करू? बादलीचं?"

मलम त्याच्याच हातासाठी करायचं होतं. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून सिरिलचा उजवा हात खांद्याला नुसता टांगलेला होता. शेजारच्या फियालोवाबाईंनी दिलेलं मलम यित्का रोज संध्याकाळी त्यावर चोळायची. डुकराच्या चरबीत गांजा शिजवून आमच्याकडे घरोघरी ते करतात. गुण मलमाचा की चोळण्याचा, यावर गावात दोन तट आहेत. सिरिलच्या हाताला मात्र कशाचाच गुण आला नव्हता. पहिल्या सहा महिन्यांत येईल तेवढंच, असं डॉक्टर म्हणाले होते. सहा महिने उलटून गेले होते. घरात कुणी ते बोलून दाखवत नव्हतं, पण सिरिलने चारचौघांत जेवायचं सोडलं होतं.

यित्का कुंडीपाशी उकिडवी बसली. तोंडाचा पट्टा चालूच होता. मी मेले तरी चालेल, पण यांना शेती शिकवायची हौस. खालच्या फांद्यांवरचे देठ चिरफाळले होते, कुठे सालही निघाली होती. वर जावं तसे ते नीट होत गेले होते. सगळ्यात वरचे तर नखाने टिपल्यासारखे.

ती बोलता बोलता थांबली. सिरिलला काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं. मे महिन्यात त्याने दोनदा पडून तशी खात्री करून घेतली होती.

"बाबा, काठी कुठल्या हातात होती?"

"डाव्या. आणखी कुठल्या असणार?"

"मग पानं?"

तिने पुढे होऊन त्याच्या मांडीवरची टोपी उचलली. टोपीखाली उजवा हात होता. अंगठा आणि दोन बोटं हिरवीगार, चिकट.

यित्का बाकावर बसली.

"पहिल्या दिवशी एक पान," तो म्हणाला. "तेही फाटलं. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी मोजायचं सोडलं."

"व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू तुम्ही कोपऱ्यात फेकलात!"

"चेंडू कितीही दाबला तरी चेंडूच. पान काढलं की कळतं, काढलं म्हणून."

"फियालोवाबाई रोज तुमचं सूप घेऊन येत होत्या, कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांना दिसलं नाही?"

"दिसलं. म्हटलं, तोंड उघडलंस तर ह्या सालची वाईन विसर."

यित्काला हसू आलं आणि त्याच दमात डोळेही भरून आले. तिने दोन्हीला वाट करून दिली.

"रोज फोन करत होते मी, बाबा. एका शब्दाने सांगितलं नाहीत."

सिरिलने काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली.

"सांगितलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी बोटं पुन्हा मेली असती तर? तू तिकडे आनंदात, आणि मी इकडे... झाडांचं काही होणार नाही. झालं तर पुढच्या वर्षी लाव. आता मी आहे पानं काढायला."

यित्का उठली. तिसरी कुंडी दोन्ही हातांनी ओढत तिने बाकासमोर आणली, पूर्वेकडची बाजू त्याच्या पुढ्यात येईल अशी फिरवली, आणि त्याच्या शेजारी बसली.

सिरिलचा हात मांडीवरून निघाला. वाटेत थरथरला, पानापाशी पोचला. बोटं मिटली, देठ निसटला. पुन्हा मिटली, पुन्हा निसटला. यित्काने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते.

तिसऱ्या वेळी कट्‌ असा आवाज झाला. पान देठासकट त्याच्या बोटांत होतं.

"आणखी एक," यित्का म्हणाली.