दारावरचे ओरखडे

उलट्या वाहणाऱ्या ओढ्याकाठी चरणारी तीनशिंगी हरणं मोजायची, ही त्याची नोकरी. आणि तीच हरणं रोज पहाटे त्याच्या दारावर शिंगाने दोन ओरखडे काढून जायची. रंग लावून लावून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. सासूबाई राहायला आल्या, तेव्हा तर मेल्यांनी आठवडाभर रोज तीन-तीन काढले!

"तुम्ही त्यांना मोजता, तशी तीही आपल्याला मोजत असतील," परवा बायको कंटाळून म्हणाली.

"काहीतरीच बोलू नकोस. आधी ब्रश आण."

आज दार उघडून बघतो तर एकच ओरखडा.

"अगं, ऐकलंस का? सुधारली बरं का तुझी हरणं!"

ब्रश घ्यायला तो आत वळला. दाराशेजारच्या खुंटीवर त्याचा एकट्याचाच कोट लटकत होता.