न तुटणारा धागा

“ह्या खेळणा तुज्याकडेच ठेव. मालवणात आमी हातानच ओढतंव,” म्हणत जयवंतने बोटीवर सुमेधच्या मासेमारीच्या रॉडपुढचा ताणलेला धागा पकडला आणि तळहाताभोवती दोन वेढे घेतले. लाइफ जॅकेट त्याने मघाशीच उकडतंय म्हणून काढून टाकलं होतं.

“अरे, गुंडाळू नकोस! शंभर किलोलाही तुटत नाही तो,” सुमेध ओरडला. नागासाकीला सुट्टीवर आलेल्या मित्राला एक मोठा ट्यूना पकडून दाखवायचा, एवढाच त्याचा बेत होता.

“मग बराच झाला ना!” जयवंत हसला. त्याच क्षणी खाली मासा उसळून उलटा फिरला, आणि हसता हसताच जयवंत कठड्यावरून पाण्यात गेला. वेढे मनगटात रुतले होते.

“काप! सुम्या, काप रे!”

सुमेधने कमरेची सुरी उपसली आणि रॉडच्या टोकाशी धागा एका झटक्यात कापला.

“कापू नको! आधी त्याला ओढ!” बोटीचा नाखवा जपानीत किंचाळत धावत आला, पण तोवर रॉड हलका झाला होता.

मासा आणि जयवंत अजूनही एकाच धाग्याला बांधलेले होते. फक्त बोट आता त्या धाग्याला बांधलेली नव्हती.