तुरीचं तास

खुशालरावांनी तुरीचं पहिलं झाड उपटलं, तेव्हा त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई हातभरावर उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वरण कायचं खासान?"

"इकत आणू."

"कोठून? आवघ्या गावानं कापसाची पऱ्हाटी लावली. तूर पेरली कोनं?"

खुशालरावांनी दुसरं झाड उपटलं.

माणूस वाईट नव्हता. यंदा त्याला कुठे बसवत नव्हतं, इतकंच. दूर कुठेतरी गोऱ्यांच्या मुलखात आपसात लढाई जुंपली आणि वऱ्हाडचा कापूस दामदुप्पट भावाने विलायतेला निघाला, हे कानावर आल्यापासून ते उभ्याउभ्याच जेवत. वैशाखात त्यांनी सबंध वावर खोल नांगरून काढलं, धसकटं जाळली, गवताची काडी ठेवली नाही. पेरणीच्या वेळी तिफणीमागे चालत मधल्या तासांत, म्हणजे ओळींत, तूर सोडायची, हे काम बायकांचं. ती तूरही बायकांची, घरच्या डाळीची. ते यंदा बंद. सगळं वावर कापसाचं. मनकर्णाबाईंनी ऐकल्यासारखं केलं, आणि अगदी बांधाच्या धुऱ्याला लागून, जिथे नांगर पोचलाच नव्हता, तिथे एक तास तुरीचं पेरून घेतलं.

आता भादवा लागला होता. पऱ्हाटी गुडघ्याएवढी होऊन थांबली होती आणि शेंड्याची पानं पिवळी पडत चालली होती. खालची जुनी पानं हिरवी, वरची कोवळी पिवळी. म्हातारे ठणठणीत आणि लेकरं अंथरुणात, असलं उफराटं दुखणं. सकाळीच शेजारचे नत्थुजी धुऱ्यावरून ओरडून गेले होते, "खुशालराव, पऱ्हाटीले कावीळ झाली का हळद लागली? जेवाले बलावजा बाप्पा!" तेव्हापासून खुशालराव वावरात घाण्याच्या बैलासारखे फिरत होते. हिरवी होती ती फक्त तुरीलगतची पऱ्हाटी. मग काय, चोर सापडलाच. सगळ्या वावराचा कस ही तूर ओढते आणि शेजारणींना उष्टं चारते!

"गंधक घालून पाह्यला," तिसऱ्या झाडाला हात घालत ते म्हणाले. "काईच फरक नाई."

गंधक अकोल्याच्या बाजारातल्या वैदूने दिला होता. माणसाच्या खरजेला चालतो तो झाडाला का चालू नये, असं खुशालरावांना वाटलं. त्यांच्याआधी ते वैदूला वाटलं होतं.

"थांबा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "उपटाचंच हाये त एक पिवळी उपटा, एक हिरवी उपटा. दोनी माह्यासमोर ठेवा. तुरीची चोरी दिसली त बाकीच्या तुरीले मीच हात घालीन."

हा सौदा खुशालरावांना पटला. ते तरातरा गेले आणि पिवळ्यातली एक पऱ्हाटी घेऊन आले. ती अल्लाद निघाली होती. मूळ धुऊन ठेवल्यासारखं उघडं. माती झटकावीच लागली नाही. मुळाच्या सालीला गंधकाची पूड मात्र तशीच चिकटलेली होती, घातली त्या दिवशीसारखी.

मग त्यांनी तुरीला खेटून असलेली हिरवी पऱ्हाटी धरली. ती येईना. पाय रोवून दोन्ही हातांनी ओढली तेव्हा ती भलंमोठं ढेकूळ घेऊन वर आली. त्यांनी झटकलं, माती पडेना. कुणी मुळांना शिवून टाकावी तशी ती धरून होती. खुशालरावांनी डोळे बारीक केले. केसाहूनही बारीक पांढरे धागे मुळांतून निघून मातीत शिरले होते, आणि मातीतून पलीकडे तुरीच्या मुळाकडे गेले होते.

"उधई!" वाळवी दिसल्यासारखे खुशालराव ओरडले.

"उधई लागलेलं झाड असं हिरवं रायते का?"

"मंग काय हाये व हे?"

"मले का मालूम." मनकर्णाबाई उकिडव्या बसल्या. त्यांनी दोन्ही मुळं जवळजवळ धरली, हे पाहिलं, ते पाहिलं. मग पिवळ्या झाडाच्या मुळावर बोट ठेवलं. "याच्या पुढ्यात टाकलेलं तसंच्या तसं पडून हाये. तोंडापावतर गेलंच नाई. चुलीपाशी वरणाचं भरलं गंज असून काय कराचं, वाढनारं कोनी पायजे ना?"

खुशालरावांनी जन्मात कधी स्वतःच्या हाताने पानात काही घेतलं नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट त्यांना चटकन कळली.

"मंग तिकडचे वाढनारे कोठं गेले?"

वैशाखात खोल नांगरलेल्या वावराकडे मनकर्णाबाईंनी बोट दाखवलं. धागे तोडणारा नांगर काही त्यांनी धरला नव्हता.

मग खुशालराव खाली बसले. तुरीच्या बुडाशी बोटं घालून त्यांनी ओंजळभर माती उचलली, धागे तुटू नयेत अशा बेताने, आणि पिवळ्या पऱ्हाटीत शिरले. यंदाच्या सालात पहिल्यांदाच ते हळू चालत होते. मनकर्णाबाईंनी उपटलेली तूर पुन्हा रोवली, टाचेने माती दाबली. ती जगेल असं त्यांना वाटत नव्हतं, तरी दाबली.

वावराच्या मधोमध खुशालराव थांबले. चारी बाजूंनी पिवळे शेंडे त्यांच्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनी एका झाडापुढे ओंजळ धरली, मागे घेतली. दुसऱ्यापुढे धरली, मागे घेतली.

"अवं," त्यांनी तिथूनच हाक मारली, "पयले कोनाले वाढू?"