साहेबांसमोरची साक्ष

चाळीस वर्षं झाली, तरी हेडबाईंची ती खोली डोळ्यांसमोरून जात नाही. मी मुलांना पट्टीने मारते अशी तक्रार गेली होती. ती खरी ठरली असती तर माझी नोकरी गेली असती. चौकशीला आलेल्या साहेबांनी माझ्या वर्गातल्या एका मुलीला बोलावलं.

"घाबरू नकोस, बाळ. खरं सांग, बाई मारतात?"

ती खाली बघत म्हणाली, "नाही. बाई खूप चांगल्या आहेत."

"वाचलात, बाई!" म्हणत साहेबांनी फाइल मिटली. माझा जीव भांड्यात पडला. तिच्या पाठीवर शाबासकी द्यायला मी हात उचलला.


तिने डोळे घट्ट मिटले आणि आपणहून तळहात पुढे केला.