स्लॅबचं घर

गेल्या उन्हाळ्यात वादळानं कमलाबाईच्या घराची टिनं उडून नदीत गेली, तेव्हाच तिनं ठरवलं की आता डोक्यावर पक्का स्लॅबच पाहिजे. वडनेरचं ते नदीकाठचं सासऱ्याच्या, आबाच्या वेळचं जुनं घर तिनं आणि तिच्या मुलानं, अंकितनं, जोतं उंच करून नव्यानं उभं केलं. सून-नातवंडं एकत्र राहावीत म्हणून खोल्याही वाढवल्या.

शेजारी राहणाऱ्या तिच्या दिराचा, लहानूचा, मात्र जळफळाट झाला. त्यानं रेतीचा ट्रॅक्टर गल्लीत अडवला, मिस्त्र्याला शिव्या घालून पळवून लावलं आणि वहिनीशी बोलणंच टाकलं.

यंदा पुन्हा वादळ सुटलं. या खेपेला टिनं उडाली ती लहानूची. बायको-पोरांना घेऊन तो भिजत तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"उघडू नोको माय," अंकित दात-ओठ खात म्हणाला. "मरू दे तेले तिथंच."

"लेकरं भिजून राह्यली रे," म्हणत कमलाबाईनं कडी काढली.

तिनं सगळ्यांना कोरडे कपडे दिले, गरम भाकरी वाढली. लहानू मान खाली घालून जेवला आणि मग कितीतरी वेळ भिंती न्याहाळत बसला. वारा पडल्यावर त्यानं हात जोडले, तसं कमलाबाईला भरून आलं.



"वहिनी, मी उगाच आडवा आलो, घर लय मजबूत बांधलं तुमी. जागा अजून आबाच्याच नावावर हाय, तवा आता यातल्या माह्या खोल्या कोणत्या, थे दाखवा."